फोर्कलिफ्ट ठरवण्याआधीची तयारी: वरच्या थराला किती किलो, ते आधी विचारा

कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: सगळ्यात वरच्या थराला, आपल्या पॅलेटसह, मशीन किती किलो उचलेल? मागच्या खेपेला नेमकं हेच विचारायचं राहिलं आणि नवं मशीन वरच्या दोन थरांसाठी बाद ठरलं. म्हणून ही यादी.

आधी वजन. इनव्हॉइसवरचं नेट वजन धरू नका, भरलेलं पॅलेट काट्यावर चढवा. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कितीतरी गोडाउनांत लोखंडी बिनमधले फोर्जिंग आणि पुठ्ठ्याचे हलके खोके शेजारी शेजारी असतात. तिथे सरासरी काढून उपयोग नाही. सगळ्यात जड पॅलेट कुठलं आणि सगळ्यात खोल, म्हणजे फोर्क शिरतो त्या दिशेने लांब, पॅलेट कुठलं, या दोन नोंदी वेगळ्या ठेवा. दोन्ही वेळा एकच पॅलेट निघेल असं नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘दीड टनी’ मशीनच्या क्षमतेच्या प्लेटवरचा १५०० किलोचा आकडा ५०० मिलिमीटर लोड सेंटरला असतो, म्हणजे फोर्कच्या (माल उचलणाऱ्या दोन लोखंडी दात्यांच्या) उभ्या पाठीपासून मालाचा गुरुत्वमध्य ५०० वर असेल तरच. १२०० बाय १००० चं पॅलेट हजाराच्या बाजूने उचललं की खोली १२०० होते आणि मध्य ६०० वर जातो. पुढचा एक्सल हा टेकू समजा. एक्सलपासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४०० मिलिमीटर धरले, तर टेकूपासून मध्य आधी ९०० वर होता, आता १००० वर: १५०० गुणिले ९०० भागिले १०००, म्हणजे १३५० किलोच. साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड) बसवला की माल अजून ५० पुढे सरकतो, आकडा १२८५ वर येतो, आणि शिफ्टरचं स्वतःचं वजन वजा केल्यावर १२३० च्या आसपास उरतात. १२५० किलोचं पॅलेट असेल तर ‘दीड टनी’ मशीन इथेच बाद झालं, आणि अजून उंचीचा हिशेब सुरूही झालेला नाही.

उंची वाढते तसा मास्ट (फोर्क वर नेणारा उभा खांब) वाकतो आणि थोड्याशा टिल्टनेही माल बराच पुढे येतो, म्हणून क्षमता आणखी घटते. ही घट सूत्राने काढू नका. कंपनीकडून त्याच मॉडेलचा, त्याच मास्टचा, साइड शिफ्टर धरून केलेला कपॅसिटी चार्ट लेखी घ्या. ‘साहेब, आरामात उचलतं’ हे उत्तर चालणार नाही. जमिनीजवळ सगळीच मशीनं आरामात उचलतात. वरच्या थराला, आपल्या लोड सेंटरला, किती किलो? हा आकडा कोटेशनमध्ये छापून आल्याशिवाय पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका.

क्षमता संपत आली की मागची चाकं हलकी होतात. फोर्कलिफ्टचं स्टीअरिंग मागच्या चाकांवर असतं, म्हणून ऑपरेटरच्या हातात ते आधी सैल लागतं. तो तसं म्हणाला तर काम तिथेच थांबवा. मागे दोन माणसं उभी करून वजन वाढवायचा प्रकार सर्रास चालतो, तो आपल्या गोडाउनात एकदाही होऊ देऊ नका. मशीन उलटलं तर आधी तीच माणसं सापडतात.

आता उंची. रॅक असेल तर सगळ्यात वरच्या बीमच्या माथ्यात २०० मिलिमीटर मिळवा, कारण फोर्क पॅलेटच्या पोटात असतो आणि ठेवण्याआधी पॅलेट बीमच्या वर उचलावं लागतं. जमिनीवर थप्पी लावत असाल तर खालच्या थरांची बेरीज करा. १४५० उंचीच्या पॅलेटांची चार थरांची थप्पी असेल तर खालचे तीन थर ४३५०, अधिक २००, म्हणजे ४५५०. साडेचार मीटरचा मास्ट ५० मिलिमीटरने कमी पडतो. मास्ट चढल्यावर त्याचा माथा फोर्कच्याही बराच वर जातो, तेव्हा ट्रस, दिवे आणि स्प्रिंकलर यांची उंची टेप लावून मोजा, ड्रॉइंगवरून नको. आणि मास्टची उंची वाढवून घेतली की वरची क्षमता पुन्हा विचारा. चार्ट बदलतो.

मास्ट बंद असतानाची उंची शटरशी ताडून बघा. कंटेनरमध्ये शिरायचं असेल तर साध्या कंटेनरचं दार साधारण २.२८ मीटर असतं, आणि आत फ्री लिफ्ट (मास्टची उंची न वाढता फोर्क वर जाणं) हवी, नाहीतर फोर्क उचलताच मास्ट छताला लागतो.

थप्पीत सगळ्यात खालचा खोका किती भार सोसतो तेही बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पुठ्ठा ओल धरतो आणि उन्हाळ्यात उभी राहणारी थप्पी पावसाळ्यात कलते. पावसाळ्यासाठी एक थर कमीच धरा.

पॅलेट उलटं करून बघा. खालून आडव्या फळ्या असतील तर ज्या स्टॅकरचे (पुढे आधाराचे पाय असलेल्या, थप्पी लावायच्या छोट्या मशीनचे) पाय फोर्कच्या खालीच असतात तो चालत नाही. पाय फळीवर बसतात, फोर्क उचलला जातो आणि फळी खिळ्यांपासून उपटून निघते. अशा पॅलेटला काउंटरबॅलन्स (मागच्या वजनावर, म्हणजे काउंटरवेटवर, तोल धरणारी नेहमीची फोर्कलिफ्ट) घ्या, नाहीतर बाहेरून पाय असलेला स्ट्रॅडल स्टॅकर, तोही दोन पायांमधलं अंतर मोजून. फोर्क मालाच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश हवा, पण पलीकडे बाहेर आला तर मागच्या पॅलेटला ढकलतो.

रॅकमधली गल्ली मालासकट मोजा, कारण खोके पॅलेटबाहेर येतात. काउंटरबॅलन्सला साधारण साडेतीन ते चार मीटर लागतात, रीच ट्रकला (अरुंद गल्लीत फोर्क पुढे-मागे सरकवणाऱ्या मशीनला) पावणेतीन ते तीन. जागा वाचते म्हणून रीच ट्रक घेणार असाल तर फरशी बघा. त्याची पॉलियुरेथेनची चाकं लहान असतात, उघड्या सांध्यात आदळतात, आणि वर सहा मीटरवर तो झटका कित्येक पटीने जाणवतो. पावसात अंगणात रीच ट्रक फिरवायचा नाही. डॉकबाहेरच्या कामाला वेगळं मशीन ठेवा. रीच ट्रकचाही वरचा आकडा विचारा, तोही घटतोच.

बॅटरी: लेड-ॲसिड चार्ज व्हायला आठेक तास आणि थंड व्हायला तेवढेच, म्हणजे दोन शिफ्टला दुसरी बॅटरी किंवा लिथियम. मात्र बॅटरी हा काउंटरवेटचाच भाग आहे. जुन्या मशीनला हलकी लिथियम बसवली तर प्लेटवरचं किमान बॅटरी वजन बघा आणि कमी पडेल तेवढा बॅलास्ट (भरीचं वजन) घाला. नाहीतर वरचा आकडा पुन्हा खाली येतो. चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी. पाणी चार्जिंग झाल्यावर, डिस्टिल्डच.

भाड्याचं किंवा जुनं मशीन असेल तर फोर्कची टाच (उभा आणि आडवा भाग जुळतो तो कोपरा) मोजा. जाडी दहा टक्के झिजली असेल तर फोर्क बदलून घ्या. प्लेट पुसट असेल तर नवी मागा.

ऑपरेटर, टायर, हॉर्न, दिवे नेहमीप्रमाणे.

डिलिव्हरीच्या दिवशी चलनावर सही करण्याआधी चार्ट हातात घ्या. सगळ्यात जड पॅलेट चार्टच्या आकड्यात बसतं याची खात्री करा, आजूबाजूची माणसं लांब करा, आणि ते पॅलेट सगळ्यात वरच्या थराला ठेवून पुन्हा खाली आणून दाखवायला सांगा. मधल्या थराला नको. वरच्याच.