एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, दोन्ही पॉझिटिव्ह आलंय? मग हे करा

ऑपरेशनच्या आधी रक्त घेतात आणि रिपोर्टात दोन्ही एकदम निघतं, एचआयव्ही रिॲक्टिव्ह आणि एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी ची टेस्ट) पॉझिटिव्ह. तेवढ्या एका कागदावर ठरवू नका. सिव्हिलच्या आयसीटीसीत (एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात) जा, तिथे वेगवेगळ्या किटवर एचआयव्ही पक्कं करतात, फुकट, आणि तिथूनच एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, पाठवतात.

एआरटीला जाताना हेपॅटायटिसचा रिपोर्ट विसरायचा नाही, कारण बऱ्याच जणांचा तो हॉस्पिटलच्या फायलीतच पडून राहतो आणि सेंटरवाल्यांना पत्ताच नसतो. सेंटरच्या पुस्तकात लिहून घ्या, लाजू नका.

आता खरी गोष्ट. सेंटरवर बहुतेकांना टीएलडी मिळते, रोज एक गोळी, त्यात टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर असतं, यातली पहिली दोन औषधं हेपॅटायटिस बी ला पण दाबून ठेवतात. म्हणजे एका गोळीत दोन्ही कामं. पण म्हणूनच ती मधेच बंद केली की बी उसळतो, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाल्याचं दाखवणारा आकडा) भराभर वाढतं, कधी लिव्हर फेल होण्यापर्यंत जातं. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलं म्हणून कोणी टेनोफोविर काढायला सांगितलं तर तिथल्या तिथे विचारा, "डॉक्टर, मग बी साठी काय देणार?" नुसतं लॅमिव्युडिन पुरत नाही, व्हायरस त्याला सरावतो. उलट बाजूनेही तेच, प्रायव्हेटमध्ये कोणी फक्त बी साठी एन्टेकॅविर सुरू करत असेल तर आधी एचआयव्ही टेस्ट करायला लावा, नाहीतर एचआयव्ही लॅमिव्युडिनला दाद देईनासा होऊ शकतो.

एलएफटी (लिव्हरची टेस्ट) आणि क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा करायचं, जमलं तर एचबीव्ही डीएनए (रक्तात बी चा व्हायरस किती ते) पण. सिरॉसिस (लिव्हर आक्रसून कडक होणं) असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. दारू बंद, यावर चर्चा नाही. आणि गावाकडचे कावीळ उतरवणारे, गळ्यात माळ घालणारे, नाकात रस टाकणारे यांच्या नादी लागून गोळी सोडू नका, माळ हवी तर घाला बापडे, गोळी मात्र चालू ठेवा.

घरच्यांची टेस्ट करून घ्या, बी निगेटिव्ह असतील त्यांना बी ची लस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. एका ताटात जेवलं तरी काही होत नाही, पण रेझर, ब्रश, नेलकटर वेगळं, कारण वाळलेल्या रक्ताच्या डागात बी चा व्हायरस सात दिवस तरी टिकतो. बाई गरोदर असेल तर डिलिव्हरीच्या आधीच लेबर रूमला सांगून ठेवा, बाळाला 24 तासांच्या आत बी ची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागतं.

वॉर्डात बेडवर "एचआयव्ही" लिहिलेली पाटी लावली तर काढायला सांगा, 2017 च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती गुप्त ठेवायची असते. काही अडलं तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे.