माकडतापाची माहिती गावात सांगताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, काजूचा सीझन आणि माकडतापाचा सीझन जवळजवळ एकच. म्हणजे आपण सांगायला जातो तेव्हा ऐकायला कुणाला वेळ नसतो, त्यात आपणच चुकीचं सांगायचं.

सगळ्यात मोठा घोळ नावातच आहे. कन्नडात मंगन कायिले, मराठीत माकडताप, दोन्हीकडं माकडच. एका वाडीवर मी अर्धा तास बोललो आणि शेवटी एक मावशी म्हणाल्या, "आमच्या बागेत माकडंच येत नाहीत की ओ, आमाला कसला ताप?" झालं, सगळं मुसळ केरात. माणसाला हा ताप येतो तो गोचीड चावून, आणि ती पण गुरांच्या अंगावरची टपोरी नव्हे, पाचोळ्यात बसलेली तिळाएवढी बारीक पिल्लं, पटकन दिसत पण नाहीत. आता मी सुरुवातच गोचडीपासून करतो, माकड नंतर: ते मेलं की अंगावरच्या गोचड्या खाली उतरतात, म्हणून जवळ जायचं नाही, आशाताईंना कळवायचं.

"घाबरू नका" म्हणून सुरू करू नका, ते ऐकूनच माणूस घाबरतो. सरळ सांगा, लागण झालेल्या १०० जणांत साधारण ३ ते ५ दगावतात. आणि त्याच दमात हेही, की माणसाकडून माणसाला होत नाही, नाहीतर आजारी माणसाच्या घरी कोण पाणी पण पीत नाही.

"रानात जाऊ नका" तर बोलूच नका. काजू कोण गोळा करणार, तुम्ही? अंगभर कपडे, पॅन्ट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्रातलं गोचीड दूर ठेवणारं तेल हातापायाला, पाचोळ्यावर बसायचं नाही, आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे पण गरम पाण्यात. ताप उतरला म्हणजे सुटलो असंही सांगू नका, काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी परत उलटतो.

माहितीचा बोर्ड बऱ्याचदा कन्नडातच असतो, म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा मराठीत एक मिनिटाचा ऑडिओ ग्रुपवर टाका, पण त्यात तारीख बोला, नाहीतर तोच पुढच्या वर्षी नवीन बातमी म्हणून फिरतो.

आणि "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. उद्या बागेतनं आल्यावर पहिलं काय करणार ते विचारा. त्याच मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "आधी च्या, मग आंघोळ." म्हटलं मावशी, च्या नंतर.