रत्नागिरीत नव्याने येणाऱ्यांसाठी: पहाट आणि दुपार यांच्या तापमानातील अंतर

घाटावरून बदली होऊन किंवा कामधंद्यासाठी रत्नागिरीत येणाऱ्यांना सगळे जण पावसाची तयारी करायला सांगतात. ती करावीच, परंतु घरात दम्याचा रुग्ण, वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल, तर डिसेंबर ते मार्च या महिन्यांकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सोलापूरहून येऊन इथे स्थायिक झालेला माणूस म्हणून आवर्जून सांगतो.

किनाऱ्याचे हवामान सम असते, हे शाळेत शिकलेले खरेच आहे. भर पावसाळ्यात इथल्या कमाल आणि किमान तापमानात जेमतेम ४-५ अंशांचे अंतर असते. आकाश निरभ्र झाले की मात्र रात्री जमीन लवकर निवते, मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पहाटेचा पारा २० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरतो. दुपारी खारे वारे सुरू व्हायला उशीर झाला, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच पारा ३५च्या पुढे जातो. समुद्रापासून आत असलेल्या चिपळूण-खेडकडे हे अंतर आणखी वाढते. घाटावर असा फरक नवा नाही, पण तिथे घाम वाळतो. इथे तो अंगावरच राहतो. त्यामुळे रात्री अकराला उकडते म्हणून पंखा पाचवर ठेवून, खिडकी सताड उघडी टाकून माणूस झोपतो आणि पहाटे चारच्या सुमारास गार वारा थेट घामेजल्या छातीवर येतो.

गार, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात, नाकातील ओलावा कमी होतो आणि जंतू व धूळ बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचे काम मंदावते. पूर्व आशियातील शहरांत झालेल्या अनेक अभ्यासांत, दिवसातील तापमानाचे अंतर वाढल्यानंतर श्वसनविकारांचे रुग्ण वाढल्याचे आढळले आहे. हा परिणाम त्याच दिवशी दिसतो असे नाही; कित्येकदा तो काही दिवसांनी जाणवतो, म्हणून आजच्या खोकल्याचे कारण कालच्या आइस्क्रीममध्येच शोधू नये.

याच दिवसांत भातशेतीच्या भाजावळीचा, म्हणजे रोपांची जागा भाजण्याचा, आणि पालापाचोळ्याचा धूर असतो. शांत, गार पहाटे तो वर न जाता जमिनीलगत साचून राहतो. त्यामुळे दम्याच्या रुग्णांनी पहाटेचे फिरणे ऊन वर येईपर्यंत लांबवावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहाटेच्या गाडीसाठी दुचाकीवरून स्टेशन गाठायचे असेल, तर नाकातोंडावर रुमाल बांधावा. झोपताना पंखा कमी करावा, पांघरूण उशाशी ठेवावे आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये. वर्षातून एकदा घ्यायच्या फ्लूच्या लशीबद्दलही त्यांना विचारावे.

मुलाला खोकला असेल, तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर काढ्यावर वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठावे. मोठ्यांचा खोकला दोन आठवडे टिकला, तर हवापालट म्हणून सोडून न देता सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती मोफत होते.