पोकळ गिटारचे वायरिंग बदलताना या चुका टाळा

पोकळ अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारमधून गुणगुण किंवा खरखर येऊ लागली की बहुतेक जण थेट सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवतात. सर्वांत जास्त श्रम वाया घालवणारी चूक हीच. सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव अंगाच्या, गिटारचे वायरिंग मागचे झाकण किंवा पुढचा पिकगार्ड काढून हाताशी आणता येते. पोकळ गिटारला सहसा असे झाकण नसते आणि पॉट (ज्यांवर आवाज व टोनचे नॉब बसतात ते फिरते भाग), स्विच व जॅक (केबल लावायची जागा) यांचा सगळा संच एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतील एफ आकाराच्या भोकातून, बाहेर ओढून त्याच वाटेने परत आत न्यावा लागतो. त्यामुळे आवाज गिटारचाच आहे याची खात्री झाल्याशिवाय एकही नट सैल करू नये.

ही खात्री घरच्या घरी होते. गिटारचे सर्व व्हॉल्यूम शून्यावर आणावेत. नेहमीच्या वायरिंगमध्ये यामुळे सिग्नल ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्य टोकाला, जोडला जातो, म्हणून आवाज तरीही तेवढाच राहिला तर दोष जॅकमध्ये, केबलमध्ये किंवा ॲम्प्लिफायरच्या बाजूला आहे. व्हॉल्यूम पूर्ण उघडून, गिटार हातात धरून जागच्या जागी सावकाश फिरावे. दिशेनुसार गुणगुण वाढत-घटत असेल तर पिकअपची (तारांच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाची) कॉइल आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा वायरींचे चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प मिळाल्यास तोही लावून पाहावा. त्यावर गिटार शांत वाजत असेल, तर ती उघडण्याआधी ॲम्प आणि घरातील अर्थिंग तपासणे शहाणपणाचे.

अर्थिंगचा मुद्दा ठाण्या-नवी मुंबईच्या वाचकांनी विशेष गांभीर्याने घ्यावा. नौपाड्यातील जुन्या इमारतींत किंवा वाशीच्या सुरुवातीच्या सेक्टरांतील घरांत सॉकेटला तीन भोके आहेत म्हणून तिसऱ्यामागे वायर जोडलेली असेलच असे नाही, आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांचीही तीच कथा असते. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसले तर २३० व्होल्ट थेट बोटांपर्यंत पोहोचू शकतात. गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. तो कधीही करू नये. सॉकेटची तपासणी वायरमनकडून करून घ्यावी आणि घरात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

तारांना हात लावताच खरखर कमी होते, म्हणजे ग्राउंड तुटलेले आहे, असा समज फार पसरलेला आहे आणि तो उलटा आहे. आपले शरीर आसपासच्या विजेचा गोंगाट गोळा करून पिकअपजवळ आणते. ग्राउंड असलेल्या तारांना स्पर्श झाला की तो गोंगाट शमतो, म्हणजेच तारांचे ग्राउंड ठीक आहे. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर पडतो, तेव्हा मात्र टेलपीसला (तारांची मागची टोके अडकवलेल्या धातूच्या भागाला) जोडणारी वायर सुटलेली असण्याची शक्यता असते. लाकडी ब्रिज असलेल्या गिटारमध्ये ग्राउंडची वायर ब्रिजला नव्हे, टेलपीसला जाते, हे वायरिंग बदलताना हमखास विसरले जाते. मल्टिमीटरवर टेलपीस आणि जॅकचा बाहेरचा भाग यांच्यात एक-दोन ओहमच्या आतला रोध दिसला पाहिजे. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकवरील दोन वायरी उलट्या लागल्या आहेत का, हे आधी पाहावे.

यानंतरची चूक उत्साहाची आहे. सॉलिड-बॉडीचे खाचे तांब्याच्या पट्टीने मढवतात हे पाहून काही जण पोकळ गिटारच्या पोटातही पट्टी चिकटवण्याचा खटाटोप करतात. एवढी मोठी पोकळी नीट मढवणे अशक्यप्राय असते आणि सुटलेली पट्टी आत थरथरून नवाच आवाज देते. शिवाय तांब्याची पातळ पट्टी विद्युत क्षेत्रातून येणारी खरखर अडवते. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राची गुणगुण तिला जवळजवळ अडत नाही. पोकळ गिटारमध्ये मढवायची असते ती वायर. पिकअपपासून स्विचपर्यंत आणि स्विचपासून जॅकपर्यंत जाळीदार शील्ड असलेली वायर वापरली की खरखरीचा बराचसा बंदोबस्त होतो. ही उघडी जाळी पॉटच्या किंवा स्विचच्या सिग्नलच्या टोकाला टेकली तर मात्र आवाजच बंद पडतो, म्हणून अशा जागी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी आणि सैल वायरी लाकडावर आपटणार नाहीत अशा बेताने बांधाव्यात.

सुट्या भागांसाठी ठाण्याचे लोक अजूनही मुंबईतला इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठतात, आणि ते योग्यच आहे, फक्त जुना पॉट खिशात असू द्यावा. नवा पॉट ५०० किलोओहमचा असला तरी त्याच्या दांड्यावरचे दाते वेगळे असतील तर जुना नॉब बसत नाही, आणि मानेचे आटे आखूड असतील तर तो जाड फळीतून वर येत नाही. हंबकरला (गुणगुण शमवणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपला) सहसा ५०० किलोओहमचेच पॉट लावतात. त्यावर ए की बी लिहिले आहे तेही पाहावे. ए म्हणजे ऑडिओ टेपर, म्हणजे कानाला आवाज एकसारखा वाढत-घटत वाटेल असा, आणि बी म्हणजे लिनिअर, म्हणजे नॉब फिरेल त्याच प्रमाणात रोध बदलणारा.

संपूर्ण जोडणी गिटारच्या बाहेर करावी. गिटारवरील भोकांच्या जागा पुठ्ठ्यावर आखून घ्याव्यात, पॉट, स्विच व जॅक त्यात बसवावेत आणि सोल्डरिंग तिथेच उरकावे. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडण्यापूर्वी ती बारीक सँडपेपरने घासावी. कमी ताकदीचे आयर्न बराच वेळ टेकवून ठेवल्यास आतला कार्बनचा थर खराब होतो, त्यापेक्षा जास्त वॅटचे आयर्न थोडाच वेळ लावणे बरे. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून वापरायचा पदार्थ, रोझिनचाच (राळेचाच) असावा. ॲसिड फ्लक्स जोडांना हळूहळू खातो आणि खाडीकाठच्या पावसाळी दमट हवेत हे काम आणखी लवकर होते. संच आत नेण्यापूर्वी पिकअप जोडून, ॲम्प लावून, स्क्रू-ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलके टकटक करावे व स्विचची प्रत्येक स्थिती ऐकावी. ही दहा मिनिटे वाचवणाऱ्याला बहुधा सगळे पुन्हा बाहेर ओढावे लागते. पुढे प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधून तो दोरा वरच्या भोकातून ओढला की पॉट आपोआप जागेवर येतो.

एवढे करूनही काही आवाज राहतील, आणि ते सगळे वायरिंगचे नसतील. मोठ्या आवाजात गिटार घुमू लागते ती तिच्या पोकळीमुळे. त्यासाठी एफ-होलमध्ये फोमचे तुकडे बसवावेत किंवा ॲम्पपासून दूर उभे राहावे. पी-९० सारख्या सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण तर कितीही सफाईदार जोडणीने पूर्ण जाणार नाही. दोन पी-९० पैकी एकाची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा दोन्ही उलट असतील तर स्विच मधल्या स्थितीत असताना गुणगुण विरते. वायरिंग बदलल्यावर त्याच स्थितीत गुणगुण वाढली आणि सूर पातळ, अनुनासिक झाला, तर एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आहेत. त्या परत सरळ कराव्यात. पिकअपची वायर जाळीदार असेल तर जाळी ग्राउंडलाच राहू द्यावी, कारण ती सिग्नलला जोडली की पिकअपचे धातूचे कवच किंवा तळपट्टीच सिग्नल बनते आणि हात लागताच जोराची खरखर सुरू होते.