शिंगं तुटक, डोळा तिरळा: मशीनवर हरीण काढताना या चुका टाळा

तागाच्या किंवा जाड लिननच्या अभ्र्यावर तपकिरी हरीण, मागे पाइनची दोन झाडं, खाली थोडं गवत. मशीनच्या भरतकामाचं असं डिझाइन स्क्रीनवर फार सुरेख दिसतं. कापडावर उतरताना मात्र दोन जागा घात करतात: शिंगं आणि डोळा. बिघडलं की आपण आधी मशीनला, नाहीतर विकत घेतलेल्या डिझाइनच्या फाइलला दोष देतो. माझा अनुभव असा की चूक बहुतेक वेळा पहिला टाका पडण्याआधीच झालेली असते, रिंगमध्ये कापड चढवताना.

कापड ढोलकीसारखं ताणणं

डोळा बहुधा सगळ्यात शेवटी शिवला जातो. तोवर हजारो टाके पडलेले असतात आणि प्रत्येक टाका कापड किंचित आत खेचतो. कापड एक मिलिमीटर सरकलं तरी डोळ्यातला पांढरा ठिपका भलतीकडे जातो आणि हरणाची नजरच बिघडते. माझा पहिला लिननचा अभ्रा असाच गेला. रिंग आवळून झाल्यावर मी चारही कडांनी कापड ओढून ताठ केलं होतं. शिवताना काही जाणवलं नाही. रिंग काढताच ताणलेलं कापड मागे आलं आणि पोटाभोवती चुण्या पडल्या. दोनदा इस्त्री फिरवूनही त्या गेल्या नाहीत.

कापड आणि स्टॅबिलायझर (कापडाखाली आधाराला लावायचं कागदासारखं अस्तर) एकावर एक सपाट ठेवा, स्क्रू आधीच बेताचा आवळा आणि मग आतली रिंग दाबून बसवा. त्यानंतर कापडाला हात लावायचा नाही. ताठपणा स्टॅबिलायझरकडून घ्यायचा असतो. भरगच्च अंगाच्या हरणाला फाडून काढायचा, म्हणजे टेअर-अवे, पुरत नाही; सुईच्या भोकांनी तो पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखा होतो आणि डिझाइन अर्ध्यावर असतानाच सुटतो. इथे कडेने कापायचा, म्हणजे कट-अवेच, हवा. तो मागे राहतो, पण अभ्र्याच्या आत कोणाला दिसणार आहे?

फाइल परस्पर लहान करणं

दहा सेंटिमीटरचं हरीण खिशावर बसवायला सत्तर टक्क्यांवर आणलं, असं सर्रास होतं. हिशोब करून पाहा. लांबी आणि रुंदी दोन्ही 70 टक्के झाल्या की जागा उरते 49 टक्के, म्हणजे निम्मी. मशीनने टाके नव्याने मोजले नाहीत, तर 12,000 टाके त्या निम्म्या जागेत कोंबले जातात. नेहमीच्या 40 नंबरच्या दोऱ्याला दोन ओळींत साधारण 0.4 मिलिमीटर अंतर लागतं; ते 0.28 वर येतं. मग दोरा तुटतो, सुई मोडते, हरणाची मान पुठ्ठ्यासारखी कडक होते. दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. त्यापुढे टाके पुन्हा मोजणारं सॉफ्टवेअर वापरा किंवा त्या मापाची फाइलच घ्या.

शिंगं तागात बुडणं

तागाची वीण उघडी असते. शिंगाच्या टोकाचा बारीक सॅटिन टाका (या कडेपासून त्या कडेपर्यंत दाट पडणारा, चकचकीत पट्टी करणारा) दोन धाग्यांच्या मधल्या फटीत जातो आणि शिंग तुटक दिसतं. पाण्यात विरघळणारी पारदर्शक फिल्म वरून ठेवा, म्हणजे टाके वर तरंगतात. काम झाल्यावर ती फाडून काढा आणि उरलेले कण ओल्या कापसाने टिपा. ताग पाण्यात बुडवला तर डाग पडू शकतात. शिंगाचं टोक एक मिलिमीटरहून बारीक असेल तर तिथे सॅटिन नकोच. तिहेरी धावता टाका, म्हणजे एकाच रेषेवर तीनदा पडणारा साधा टाका, जास्त स्वच्छ दिसतो, आणि अशा रांगड्या डिझाइनला तोच शोभतो.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) उलटसुलट करत बसू नका. फार वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. मग सॅटिनची पट्टी उलटून पाहा: मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या दोऱ्याचा दिसला, तर ताण बरोबर आहे.

रंगांचं थोडं सांगते. डीएसटी (DST) या भरतकामाच्या प्रचलित फाइल-प्रकारात दोऱ्याचे रंग साठवलेले नसतात, म्हणून स्क्रीनवर निळं किंवा गुलाबी हरीण दिसलं तर घाबरू नका. डिझाइनसोबतचा रंगांचा तक्ता उघडा. तपकिरी छटा रिळावर बघून निवडू नका. एक पदर सोडवून कापडावर ठेवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा.

आणखी एक चूक, जी मला मनापासून खटकते. आपल्याकडे हरीण म्हटलं की चितळ डोळ्यांसमोर येतं, म्हणून अमेरिकी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या तयार डिझाइनवर लोक पांढरे ठिपके भरतात. त्या हरणाच्या पाडसाला ठिपके असतात, मोठेपणी ते जातात. चितळाचे जन्मभर राहतात. शिंगांची ठेवणही वेगळी. शिवाय दाट भरलेल्या अंगावर आणखी दाट ठिपका म्हणजे सुई मोडायला आमंत्रण. चितळ हवं असेल तर चितळाचंच डिझाइन घ्या, ज्यात ठिपक्यांखालचं भरण आधीच विरळ ठेवलेलं असतं.

अभ्रा शिवायला घेण्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर, तोच स्टॅबिलायझर लावून, फक्त डोकं आणि शिंगं काढून बघा. शिंगाचं टोक सलग आलं आणि डोळा जागेवर बसला, की मग पूर्ण हरीण सुरू करा.