पावसात या चुका टाळा: पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका

नागपुरात दोन दिवस झड लागली की गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच गाड्या पाण्याने नाही, चावीने मेलेल्या असतात.

नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली हे नेहमीचंच. पाणी साचलेलं असतं. पुढची उंच एसयूव्ही निघून जाते, म्हणून मागचा हॅचबॅकवालाही उतरतो. मधोमध गाडी गचका देते अन् बंद. लगेच बाजूचा म्हणतो, ‘‘मार ना भाऊ एक सेल्फ!’’ घात इथेच होतो. लहान गाड्यांत इंजिनाला हवा घेणारं तोंड बहुधा ग्रिलमागे, हेडलाइटच्या आसपास असतं. समोरून बस आली की तिच्या लाटेचं पाणी तिथून आत जातं. पिस्टन हवा दाबतो, पाणी काही दबत नाही. मग जोर येतो पिस्टनला जोडलेल्या दांड्यावर, म्हणजे कनेक्टिंग रॉडवर, आणि तो वाकतो. डिझेल इंजिनात दाबायची जागा आणखी लहान, त्यामुळे थोडं पाणीही पुरतं. साध्या फुल इन्शुरन्समध्ये हा खर्च सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं.

गाडी बंद पडली की चावी काढा, न्यूट्रल करा आणि ढकलून कोरड्यात आणा. एअर फिल्टरचा डबा उघडा, बहुतेक गाड्यांत क्लिपाच असतात. आतला फिल्टरचा कागद ओला असेल तर विषय संपला, टोचन बोलवा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर उचलूनच न्या. कागद कोरडा असला तरी ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. पुढे पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढून मगच इंजिन फिरवायचं, म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडतं. हे मेकॅनिकचं काम आहे, मोबाइलवर व्हिडिओ पाहून करायचं नाही.

उभ्या गाडीलाही हाच नियम. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. असं पाणी ओसरलं की पहिला मोह चावी फिरवून पाहायचाच होतो.

आता उतरायचं की नाही, हे कसं ठरवायचं? दुसऱ्याची गाडी पाहून तर नाहीच. पुढे गेलेल्या गाडीचं चाक पाहा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर वळा. फूटभर वाहत्या पाण्यातही लहान गाडी तरंगायला लागू शकते. दुभाजकाची कड दिसत नसेल, तर उघडं मॅनहोलही दिसणार नाही. सिमेंट रस्त्यांची गंमत अशी की मधला भाग उंच, पाणी कडेला. त्यामुळे घाबरून डावीकडे सरकलेला माणूसच जास्त खोलात जातो. जायचंच असेल तर पहिला गिअर, अॅक्सिलरेटर एकसारखा, चालण्याच्या वेगाने. मध्ये गिअर बदलणं नाही, थांबणं नाही, आणि समोरून बस येत असेल तर आधी ती जाऊ द्या. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवा. घाईवाले हेच विसरतात अन् पुढच्या सिग्नलला धडकतात.

चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून फिरणं हा तर रोगच झालाय. वळताय की थांबताय, मागच्याला काय कळणार? हेडलाइट लावा, लो बीमवर.

वायपरचं रबर मे महिन्यातल्या ४५ अंशांत कडक होतं. जूनच्या आधी बदला.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर वर्धा रोडवर साचलेल्या पाण्यात वेगाने जाऊ नका. स्टेअरिंग अचानक हलकं लागलं, म्हणजे टायर पाण्यावर तरंगायला लागला, तर ब्रेक नको. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, स्टेअरिंग सरळ धरा.

काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसू नका. एसी लावा, हवा काचेवर वळवा.

स्कूटरवाल्यांनो, मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टच्या डब्यात पाणी गेलं की इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही. रेस वाढवून बेल्ट जाळू नका, डबा उघडून सुकवून घ्या.