सदा ओल्या कोपऱ्यात वेखंड: आर्द्रा-पुनर्वसूतली लागवड

मृगाचे दोन-चार दणके बसले की शेताचा खरा चढउतार कळतो. कुठे पाणी वाहून जातं आणि कुठे पंधरा दिवस तुंबून राहतं, ते आत्ता बांधावर उभं राहून बघून घ्या. ओढ्याकाठची पट्टी, कालव्याच्या झिरप्याखालचा तुकडा, कोकणातल्या वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) मळ्याचा सगळ्यात खालचा कोपरा. अशा जागी तूर कुजते, भाजीपाला पिवळा पडतो आणि चर खणून पाणी काढायचा खटाटोप दरवर्षी नव्याने करावा लागतो. मी तीन पावसाळे तो केला. मग तिथे वेखंड लावलं, कारण या पिकाला पाय पाण्यातच लागतात.

वेखंड ही आपल्याकडची जुनी पाणथळ वनस्पती. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरे भागात भातासारखी खाचरं करून ते घेतात. आपल्याकडे मात्र ते बहुतेक विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर, घरापुरतंच राहिलं आहे.

एक अट आधीच सांगतो. माती वाळल्यावर जिथे वर पांढरा थर फुलतो, त्या खारवट-चिबड जमिनीत हे करू नका. गोडं पाणी आणि चिकण किंवा गाळाची जमीन हवी. ऊनही हवं. आंब्याच्या गर्द सावलीत पानं लांब होतात, पण खाली गड्डा, म्हणजे जमिनीतलं जाड खोड, पोसत नाही.

आता बेणं. वेखंडाची लागवड बियांनी करत बसू नका, गड्ड्याचे तुकडेच लावा. खरी काळजी इथे घ्यायची, कारण वेखंड म्हणून तलवारीसारख्या पानांचं काहीही गळ्यात मारतात. मला एकदा बागेतल्या आयरिसचे कंद मिळाले होते आणि ते फुलावर येईपर्यंत मी त्यांना इमानेइतबारे पाणी देत होतो. ओळख सोपी आहे. पान हातात घेऊन कडेवरून बोट फिरवा: एक कड चुणीदार लागते, आणि मधली शीर बरोबर मध्ये नसून एका बाजूला सरकलेली असते. मग पान चुरगाळा. कपाटातल्या वेखंडाच्या तुकड्याचा वास त्या हिरव्या पानालाही आला पाहिजे. वास नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मागच्या वर्षीच्या गड्ड्यांचे शेंड्याकडचे, कोंब असलेले तुकडे बेण्याला सगळ्यात चांगले. मऊ पडलेले, कुजका वास येणारे बाजूला काढा. उरलेले स्वच्छ पाण्यात चोळून धुवा. पिठ्या ढेकूण पानांवरच असतो असं नाही, तो मुळांवरही बसतो आणि बेण्याबरोबरच शेतात येतो.

वाफ्याला गुंठ्यामागे साधारण दीड क्विंटल कुजलेलं शेणखत घालून भातासारखी चिखलणी करा. तुकडे ३० बाय ३० सेंटिमीटरवर, चार-पाच सेंटिमीटर खोल, कोंब वर ठेवून दाबा. या हिशेबाने गुंठ्याला अकराशेच्या आसपास तुकडे लागतात. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांपुढे जाऊ नका. बेणं महाग पडतं, आणि पुढच्या वर्षी ते घरचंच भरपूर होतं.

पाण्याचं गणित भातासारखंच, फक्त सुरुवातीला हात आवरता ठेवायचा. कोंब फुटेपर्यंत वाफ्यात पाच सेंटिमीटर पाणी पुरे, पुढे दहापर्यंत चालतं. आषाढातली झड धोक्याची: लावलेले तुकडे उपटून बांधाला गोळा होतात. म्हणून पाणी बाहेर जायची वाट आधी करून ठेवा. श्रावण-भाद्रपदात उघडीप पडली की उलटा प्रश्न येतो. खेकडे बांध पोखरतात, रात्रीत वाफा रिकामा होतो आणि दोन-तीन दिवसांत पानांची टोकं करपायला लागतात. सकाळी बांधावरून एक फेरी मारायचीच. घराजवळ वाफा असेल तर त्यात मूठभर गप्पी मासे सोडा, नाहीतर डासांवरून घरात बोलणी खावी लागतील.

पहिले तीन महिने निंदणी महिन्याला एकदा. लव्हाळा आणि पाणकणीस लहान असतानाच मुळासकट काढा. पाणकणसाने एकदा मूळ धरलं की वेखंड त्याच्यापुढे टिकत नाही. निंदताना उघडे पडलेले गड्डे चिखलात पुन्हा दाबा.

पिठ्या ढेकूण दिसला तर ती पानं कापून जाळा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पानांवर तपकिरी ठिपके वाढले तर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं), सुपारीला करता तेच. कडक कीटकनाशकं नकोत, हा माल औषधात जाणार आहे. त्याच कारणाने सांडपाण्याच्या गटाराकाठचं वेखंड विकू नका. पाणथळ वनस्पती पाण्यातले जड धातू ओढून घेतात.

माघ-फाल्गुनात खालची पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडा. जमीन पूर्ण टणक होऊ देऊ नका. कुदळ आत जाईल एवढी ओल असताना खणलं की गड्डे अखंड निघतात. धुऊन तंतुमुळं काढा, पाच-सात सेंटिमीटरचे तुकडे करा आणि हवेशीर सावलीत वाळवा. पहिल्या वर्षी मी घाईने ते उन्हात तापलेल्या पत्र्यावर पसरले. दोन दिवसांत खडखडीत झाले, पण व्यापाऱ्याने एक तुकडा मोडला, नाकाला लावला आणि तसाच परत ठेवला. वास म्हणजे त्यातलं तेल, आणि ते उन्हात उडून गेलं होतं. वाळलेले तुकडे गोणपाटावर घासले की वरचे खवले निघून माल साफ दिसतो.

विक्रीचं बोलणं लावणीआधी करा, काढणीनंतर नाही. मसाल्याच्या, काष्ठौषधींच्या दुकानदाराला, आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्याला विचारा की वर्षाला किती घेणार. कुणी परतखरेदीची हमी देऊन बेणं विकत असेल तर ती हमी कागदावर घ्या.

घरच्या वापराबद्दल एक. धान्यात, पुस्तकांत, साड्यांत तुकडा खुशाल ठेवा. बाळाला पोटात मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ते घातक ठरल्यामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. गुटीत उगाळायचं की नाही, ते वैद्यांना विचारून ठरवा.

आणि काढणी करताना सगळंच विकून मोकळे होऊ नका. कोंबाकडचे शेंडे वेगळे काढा, वाफ्याच्या एका कोपऱ्यात चिखलात गाडून ठेवा आणि उन्हाळाभर तिथली ओल मोडू देऊ नका.